गाण्यांचा ग्रेडर

मोबाइलमधल्या अ‍ॅपला "कवडी" म्हणून शिवी घालणारा माणूस उभ्या घाटंजीत एकच आहे, आणि तो रोज सकाळी दहाच्या ठोक्याला माझ्याच दुकानात येऊन बसतो. माझं नशीब, दुसरं काय!

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. मागच्या गल्लीत परसराम राठोड राहतात. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला, त्यामुळे माणूस रिकामा आणि माझं वायफाय फुकट. आले की खुर्ची ओढायची, फोन तोंडापासून दोन बोटांवर धरायचा, डोळे मिटायचे आणि सुरू व्हायचं, "ऊं ऊं ऊंऽऽ". नुसतं गुणगुणलं की गाणं शोधून देणारी अ‍ॅप असतात ना, त्यांची ही परीक्षा. फोन थोडा वेळ गरगरतो आणि कुठल्या तरी परक्या लिपीतलं गाणं पुढे करतो. काकाजी ते जरासं ऐकतात, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासतात, आणि निकाल देतात, "कवडी! वापस घे गाडी."

कवडी म्हणजे डागी, किडका कापूस. काकाजींची सगळी नोकरी खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून गेली. गाडीतला कापूस चिमटीत धरून धागा ओढायचा, कोणत्या प्रतीचा ते सांगायचं. नमुना तीन ठिकाणचा घ्यायचा, वरचा, मधला आणि तळचा, कारण लोक वरून पांढराशुभ्र माल पसरतात आणि खाली ओला दडपतात. तोच कायदा त्यांनी अ‍ॅपला लावला. प्रत्येक अ‍ॅपला तीनदा गाऊन दाखवायचं, एकदा उपाशीपोटी, एकदा चहानंतर आणि एकदा जेवण झाल्यावर. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं पाहिजे. ते कधीच येत नाही.

एकदा मलाच गुणगुणायला लावलं. मला तर पाळणासुद्धा सुरात म्हणता येत नाही, तरी म्हटलं. फोननं माझ्या आवाजाला एक गाणं दिलं, त्यांच्या आवाजाला दुसरंच. काकाजी भडकले. "एका गंजीचे दोन नमुने अन् दोन प्रती? हे काय ग्रेडर हाय का दलाल?"

मग त्यांनी फोनला फसवायला सुरुवात केली. ओळखीची प्रार्थना ऐकव, घंटागाडीचा भोंगा ऐकव. एक दिवस घरून कुकर घेऊन आले आणि माझ्या दुकानातल्या चहाच्या शेगडीवर शिट्ट्या काढल्या. एका अ‍ॅपनं त्या शिट्टीचंही गाणं शोधून दिलं, वर गायिकेचा फोटो! दुसऱ्यानं मात्र कबूल केलं, काही सापडलं नाही. काकाजींनी त्याला चक्क हात जोडले. "हा इमानदार हाय. माहीत नाई तर नाई म्हणते. बाकीच्यायले नाई म्हणता येत नाई, पोरी, थेच त्यायची बिमारी."

खरी परीक्षा मात्र एकाच चालीची असायची. लांब, चढत जाणारी आणि मधेच तुटणारी. रडता रडता माणूस श्वास घेतो तशी. ती ते कोणत्याही अ‍ॅपला सगळ्यात शेवटी ऐकवायचे, आणि त्या वेळी "कवडी" म्हणायचे नाहीत.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. पीकविम्याच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, सर्व्हर बंद, लोक माझ्या नावानं खडे फोडताहेत, आणि कोपऱ्यात यांचं "ऊं ऊं" चालूच. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "काकाजी, कोणती मैत्रीण हरवली म्हणायची ही? या वयात तरी सोडा नाद!" दुकान खो खो हसलं. काकाजीही थोडं हसले. फोन खिशात ठेवला, खुर्ची भिंतीला लावली आणि गेले.

चार दिवस आले नाहीत. पाचव्या दिवशी मला दुकानात करमेना. डब्यात वांग्याची भाजी घेतली आणि त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते. माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "बस. तुले सांगाले पायजे होतं, मीच नाई सांगितलं."

त्यांची मोठी बहीण, जमनाबाई. याडी, म्हणजे आई, गेली तेव्हा काकाजी रांगत होते. बहिणीनंच वाढवलं. ते सहा-सात वर्षांचे असताना तिचं लग्न झालं. बंजाऱ्यांमध्ये नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडते आणि रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. जमनाबाई आधी बापाच्या, मग काकांच्या, अन् शेवटी या धाकट्याच्या गळ्यात पडली.

"मले राग आलता तिचा. मले सोडून चालली म्हणून. मी कानात बोटं घातले, पोरी. घट्ट. बोल एक नाई आला कानात. चाल तेवढी आली, तिची छाती माह्या डोक्याले लागून होती नं."

ती जमनाबाई आता महागावकडच्या तांड्यात आहे. दोन वर्षांपासून कोणालाच ओळखत नाही. मागच्या खेपेला हे गेले तर यांना तलाठी समजली आणि तुरीची नोंद घ्या म्हणून मागे लागली. काकाजींच्या डोक्यात एकच बसलं होतं. तिचा ढावलो बोलांसकट तिला म्हणून दाखवला, तर ती ओळखेल.

"तांड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारलं नाही का?" मी म्हटलं.

"चाल म्हाताऱ्या शिकवतात. बोल जिचे तिनं जोडा लागते. माह्यासाठी म्हटलेले बोल तिच्याशिवाय कोणाले माहीत?"

म्हणजे जे गाणं एकदाच, एका अंगणात, एका पोराला म्हटलं गेलं, ते हा माणूस फोनमध्ये शोधत होता. तेच म्हणाले, "मले समजते सारं. पण गाडी न पाहता वापस नाई कराव ग्रेडरनं. काय सांगता येते?"

"काकाजी, बोल राहू द्या," मी म्हटलं. "नुसती चाल म्हणा तिच्यासमोर. उद्याच जाऊ."

"बिना बोलाचा ढावलो? कायले तिची थट्टा कराव," म्हणाले. पण सकाळी धुतलेलं धोतर नेसून माझ्या दाराशी उभे होते. मी दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही एसटीनं निघालो.

जमनाबाई अंगणात खाटेवर उन्हाला बसल्या होत्या. एवढीशी बाई, डोळे मात्र तरतरीत. काकाजींना पाहताच म्हणाल्या, "या साहेब, तूर पाहून घ्या." त्यांची सून लाजली. काकाजी खाटेच्या कडेला टेकले, डोळे मिटले आणि ती चाल म्हणू लागले. आवाज नेहमीसारखाच फाटका. मी देवाचं नाव घेत उभी.

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा त्यांचा आवाज मधेच तुटला, आणि जिथे तुटला तिथून म्हातारीनं उचलला. दोन्ही हात त्यांच्या गळ्यात टाकले, कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकलं आणि गायला लागली. बोलांसकट. मला बंजाऱ्यांची गोरबोली येत नाही. सून रडत रडत मला मराठीत सांगत होती. भावा, मी वाट चालले, तू वाट पाहू नको. विहिरीत वाकून पाहू नको. थंडीत माझी जुनी ओढणी घे. तुझ्यावर रागावले कोणी तर माझं नाव सांग.

काकाजी हुंदके देऊन रडत होते. साठ वर्षं उलटून गेल्यावर ते ऐकत होते. मी तोंडात पदर धरला होता. गाणं संपलं तसे ते तिचा चेहरा हातात घेऊन म्हणाले, "बाई, मी परसू. तुझा परसू."

तिनं त्यांना जरा मागे सारलं. पांढऱ्या मिशा पाहिल्या, सुरकुत्या पाहिल्या आणि हसली. तुम्ही तर म्हातारे आहात, म्हणाली. माझा परसू एवढासा आहे. तिनं कमरेखाली हात धरून दाखवला. मग एकदम कावरीबावरी झाली. तो रुसून शेतात पळालाय, सकाळपासून उपाशी आहे. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर त्याला सांगाल का, टोपलीत भाकर झाकून ठेवली आहे? तो हातानं खात नाही, त्याला भरवावं लागतं.

काकाजींनी डोळे पुसले. तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"जेवला, बाई," ते म्हणाले. "पोटभर जेवला. मी आत्ताच पाहून आलो."