हसवू नका, सोमवारी विमान आहे

विमानाला दोन दिवस राहिले की गणपतभाऊ हसायचं बंद करतात. सोसायटीच्या बाकावर कोणी विनोद सांगायला लागलं, की हात वर करून म्हणतात, "आता नगं. सोमवारी इमान हाय." चेहरा आहे तसा राहिला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी सकाळी लिफ्टच्या आरशापुढे हनुवटी उचलून, डोळे ताणून सराव चालतो आणि आम्ही खाली लिफ्टची वाट बघत ताटकळतो.

गणपतभाऊ मूळचे आंदर मावळातले, देहूरोडच्या लष्करी डेपोतून निवृत्त झालेले. वराळ्यात माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. वहिनींना विसरायचा आजार जडला, म्हणून लेकीनं त्यांना बेंगळुरूला नेलं. भाऊंना तिकडं करमत नाही आणि वहिनींना बघितल्याशिवाय इकडं चैन पडत नाही. म्हणून दर महिन्याला विमान. या खेपेला तरी वहिनी आपल्याला ओळखतील का, हा एकच घोर घेऊन ते जातात. येताना फुशारकी मात्र विमानतळाची आणतात.

ती फुशारकी मला सहन होत नाही, हे सरळच सांगतो. लेकीनं त्यांच्या फोनवर विमानतळावर चेहरा बघून आत सोडणारं ते अ‍ॅप घालून दिलंय. आधार त्यात, चेहरा त्यात, बोर्डिंग पासही त्यात. "निस्तं त्वांड दाखवायचं, दार उघडतंय," भाऊ सांगतात. "डेपोत जलमभर पास दाखवला. वळखीचा शिपाई बी म्हनायचा, पास काढ. हितं कुनी काय मागत न्हाई." मी बँकेत अधिकारी होतो. त्याच अ‍ॅपनं माझा चेहरा तीनदा नाकारला. आधारवरचा तो माणूस मीच, हे त्याला पटत नाही.

त्यांचे चुलतभाऊ वारले तेव्हा तर कहर झाला. दहाव्याला सगळ्या भावकीनं मिशा उतरवल्या, हे मात्र मिशीसकट बसलेले. "मशीन वळखायचं न्हाई," म्हणाले. थोरले बंधू भडकले, "मशीन येनार हाय का खांदा द्यायला?" मीही गेलो होतो. खरं सांगायचं तर ते ऐकून मला गार वाटलं.

मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला मलाही बेंगळुरूला जायचं होतं. दोघांचं विमान एकच निघालं. पुण्याच्या विमानतळावर मी रांगेत, हातात तिकीट, आधार आणि आधारची झेरॉक्स. भाऊ पलीकडच्या दाराशी गेले. गावदेवापुढंही न निघणारी टोपी काढली, हनुवटी उचलली आणि दार उघडलं. आत जाऊन काचेतून माझ्याकडं बघत उभे राहिले. आता मात्र मनसोक्त हसत होते. माझा नुसता जळफळाट झाला.

विमानात बसल्यावर मी चिमटा काढला, "मिशी राखलीत म्हणून आत आलात."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मशीन बिनमिशीचं बी वळखतंय. पोरीनं सांगितलं मला. पन ही? मिशी उतरवली आन् हिनं वळखलंच न्हाई तर काय करू?"

उतरल्यावर लग्नघरी न जाता आधी त्यांच्याबरोबर लेकीकडं गेलो.

वहिनी गॅलरीत पावटे सोलत बसल्या होत्या. भाऊ समोर जाऊन उभे राहिले. वहिनींनी त्यांच्याकडं बराच वेळ बघितलं.

"कुटलं पावनं म्हनायचं?"

भाऊ हळूच खुर्चीवर टेकले. "मावळातला."

"आमचं मालक बी तिकडलंच," वहिनी खुलल्या. "तुमच्यावानीच मिशी हाय. लय भला मानूस. पोरीच्या बाळतपनाला मी अडले, तवा गाडी न्हाई का घोडं न्हाई, मला पाठीवर घिऊन डोंगर उतरलं. पन कवा बोलून दाखवलं न्हाई. येतीलच आता. बसा, च्या घ्या."

"बसतो की," भाऊ म्हणाले आणि पावट्याच्या चार शेंगा पुढं ओढल्या. "आजून सांगा त्यांचं."

वहिनी सांगत राहिल्या. भाऊ शेंगा सोलत, मान डोलवत ऐकत राहिले.

आमची ही मला रोज ओळखते. पण कोणा पाहुण्याला सांगावं असं माझ्याबद्दल तिच्याजवळ काय असेल, ते मला काही केल्या आठवेना. भाऊंचा एवढा हेवा मला विमानतळावरही वाटला नव्हता.