शिट्टीमास्तरांचा चढलेला मार्कर

"सिगारेट, तंबाखू काही?" पोटाच्या डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो!" बाईंनी नवऱ्याच्या वतीने परस्पर उत्तर दिलं. "लेकीच्या लग्नातच सोडली यांनी. माझ्या गळ्याची शपथ घेऊन."

शिट्टीमास्तर भिंतीवरच्या आतड्यांच्या चित्राकडे बघत राहिले. शाळेच्या मैदानावर जन्मभर शिट्टी फुंकली म्हणून त्यांना हे नाव पडलं होतं. निवृत्तीनंतर फुंकायला दुसरं काहीतरी हवंच होतं. टाकीतलं पाणी बघायला म्हणून ते गच्चीवर जात आणि लवंग चघळत खाली येत. बाईंना हे कळलं असतं तर मास्तरांची धडगत नव्हती.

झालं होतं एवढंच, की महिनाभर पोट दुखत होतं. सोनोग्राफी स्वच्छ आली, पण रक्तातला ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरची शंका दाखवणारा आकडा, जरासा वर निघाला.

"नुसत्या मार्करवरून कॅन्सर ठरत नाही," डॉक्टर म्हणाले. "सिगारेट ओढणाऱ्यांचा हा आकडा तसाही थोडा चढलेला असतो. पण तुम्ही तर ओढत नाही. मग सीटी स्कॅन करून टाकू."

मास्तर कासावीस झाले. बाई जागच्या हलेनात. शेवटी मास्तरांनी हळूच दोन बोटं ओठांपाशी नेली आणि डॉक्टरांच्या दिशेने लांब केली. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. बघितलं ते बाईंनी.

"अहो, काय हे! या वयात मुके फेकताय? आणि तेही डॉक्टरांना?" त्या कुजबुजल्या.

घरी आल्यावर मात्र आक्रीत घडलं. बाई गोड बोलू लागल्या. पलंगावर ओला टॉवेल दिसला की घर डोक्यावर घेणाऱ्या बाईंनी तो मुकाट्याने उचलून वाळत घातला. टीव्हीचा रिमोट आपणहून मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी गुपचूप रिपोर्ट पुन्हा वाचून काढला.

त्यात मेहुणा भेटायला आला. मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाला, "दाजी म्हणजे देवमाणूस होते हो."

"अरे, होते काय? समोर बसलोय ना मी!"

सीटी स्कॅनही स्वच्छ आला. आता डॉक्टरच बुचकळ्यात पडले. "मग मार्कर चढला कशाने? दुर्बीण घालून आतडं बघू."

"घालणार कुठून?" मास्तरांनी विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं. मास्तर खुर्चीतून उभेच राहिले.

ठरलेल्या दिवशी रेचक पिऊन पिऊन निम्मे झालेले मास्तर मागून उघडा असलेला झगा घालून स्ट्रेचरवर आडवे झाले. दारात बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात मास्तरांचा चष्मा, घड्याळ आणि कवळी होती. "काही होत नाही हं," असं त्या हसून म्हणत होत्या आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. दुर्बिणीची भीती मास्तरांनी कशीबशी गिळली असती. हे मात्र त्यांना बघवेना.

"अगं, मी ओढतो," ते म्हणाले.

"काय ओढता?"

"सिगारेट. गच्चीवर. अजून ओढतो."

मास्तरांनी डोळे घट्ट मिटून घेतले. पण स्फोट झालाच नाही.

"डॉक्टर!" बाई आनंदाने ओरडल्या. "ऐकलंत का? हे ओढतात!"

"रोज किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन."

"दोनच?" बाईंचा चेहरा पडला. "अहो, नीट आठवा! जास्त असतील!"

"पाच," मास्तर पुटपुटले.

"पाच, डॉक्टर! चांगल्या पाच!" बाईंचा चेहरा उजळला. लेक पहिली आली तेव्हाही त्या एवढ्या खुलल्या नव्हत्या.

"कोडं सुटलं असं वाटतंय. आता सिगारेट बंद, आणि काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासू," डॉक्टर म्हणाले.

"मग मी कपडे घालू?"

"छे! पोट दुखतंय, वयही झालंय. दुर्बीण होणारच."

"अहो, मग मी कबूल कशाला केलं?" मास्तरांचं स्ट्रेचर आत गेलं तरी हे बाहेर ऐकू येत होतं.

आतडं आतून लख्ख निघालं. दुखणं साध्या गॅसचं होतं, गोळ्यांनी भागणारं. बाईंनी तिथूनच भावाला फोन लावला. "अरे, काही नाही! हे सिगारेट ओढतात!" मेहुणा फोनवर आनंदाने रडला.

घरी पोचल्यावर बाईंनी दार लावलं, पदर खोचला आणि त्या वळल्या.

"पाच? माझ्या गळ्याची शपथ घेऊन पाच? लाज कशी नाही वाटली? नातवंडं झाली, केस पिकले, पण अक्कल काही आली नाही! मी मेली देवाजवळ रडतेय आणि हे चोरून धूर काढताहेत! आता घराबाहेर पाऊल टाकून दाखवा!"

मास्तर खुर्चीत आरामात टेकले. बायको एवढं तोंड सोडून भांडतेय म्हणजे आपल्याला काही झालेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हासुद्धा त्यांना इतकी खात्री पटली नव्हती. त्यांना अगदी भरून आलं.

"आणि वर हसताय काय?"

"काही नाही गं," मास्तर म्हणाले. "तू बोल. थांबू नकोस."