फर्मवेअर आणि शेवटची पुडी

शुक्रवारी सकाळी साडेनऊला शकुंतलाबाईंच्या स्वयंपाकघरातला बेचाळीस इंची पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. माढ्याच्या शाळेत एकतीस वर्षे गृहपाठ न आणणाऱ्या मुलींकडे त्या ज्या नजरेने पाहत, त्याच नजरेने त्यांनी पडद्याकडे पाहिले. मुली त्या नजरेने रडत असत. पडद्यावर काही परिणाम झाला नाही.

"भार्गवी, हे काय आहे?"

"नवीन ग्राफिक्स कार्डाला फर्मवेअर मिळेना, आई," सून टेबलाखालून म्हणाली. भार्गवी तंत्रनिकेतनात संगणक शिकवत असे आणि घरी बहुधा टेबलाखालीच सापडे. "कार्ड चांगलंय. ते चालवणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे, तोही खुला. पण सुरू होताना कार्डाच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम घालावा लागतो, तेच हे फर्मवेअर. कंपनी तो फुकट देते, पण आत काय लिहिलंय ते सांगत नाही."

"म्हणजे तोंड शिवलेली पुडी."

"तशीच की."

"मग ती या घरात येणार नाही."

हा नियम कालचा नव्हता. आत काय आहे ते कळत नाही, म्हणून शकुंतलाबाईंनी विकतच्या मसाल्याचे पाकीट आजवर उंबऱ्याच्या आत घेतले नव्हते. तीन वर्षांपूर्वी "यातली प्रत्येक ओळ कुणालाही वाचता येते," एवढे एकच वाक्य भार्गवीने लिनक्स या संगणकप्रणालीबद्दल उच्चारले आणि शकुंतलाबाईंनी लिनक्सला तत्काळ घरात घेतले. त्यातली एकही ओळ त्यांनी वाचली नाही. पण वाचता येते, हे महत्त्वाचे होते. लिनक्सच्या नाना प्रकारांतूनही त्यांनी सर्वांत सोवळा निवडला, बंद असे काहीच जवळ न बाळगणारा. संगणकावर त्यांच्या हस्ताक्षरात कागद चिकटवलेला होता: 'न उघडता येणारी वस्तू या घरात येणार नाही.' खाली सही आणि तारीख.

अडचण रविवारची होती. सकाळी अकराला अठ्ठेचाळीस माजी विद्यार्थिनी आपापल्या घरून बाईंच्या काळ्या मसाल्याचे प्रात्यक्षिक पाहणार होत्या. निवृत्तीनंतरचा हा त्यांचा पहिला वर्ग होता. त्यासाठी त्या आठ दिवस तयारी करत होत्या आणि आपण तयारी करत नाही असे सर्वांना सांगत होत्या.

"मोबाईलवर घे की, आई," आशिषने सुचवले. मुलगा असल्यामुळे त्याला सुचवण्याची मुभा होती.

"मोबाईलवर मुली खसखशीएवढ्या दिसतात. मागच्या बाकावर कोण जांभई देतंय हे दिसत नसेल, तर तो वर्ग नव्हे."

दुपारी भार्गवीने संगणक सुरू करताना आज्ञेत एक शब्द वाढवला आणि कार्डाला वळसा घातला. चित्र आले; मात्र जाडेभरडे, आडवे ताणलेले आणि आवाजाच्या मागे रेंगाळणारे. चाचणी म्हणून नातेपुत्याच्या वैजयंतीला, त्यांच्या एका माजी विद्यार्थिनीला, पडद्यावर बोलावले. सारा कार्यक्रम तिनेच ठरवला होता.

"बाई, कशी दिसते मी?" तिने हौसेने विचारले.

पडद्यावर तिचा चेहरा परातीत थापलेल्या भाकरीसारखा पसरला होता. शकुंतलाबाईंनी आयुष्यात खोटे उत्तर दिले नव्हते.

"लठ्ठ."

वैजयंतीने वर्षभर खपून अकरा किलो वजन उतरवले होते. "बरं, बाई," एवढाच आवाज आला; ओठ त्यानंतरही काही वेळ हलत होते. दहा मिनिटांत सर्व मुलींना निरोप गेला, की संयोजिकेची तब्येत बरी नसल्यामुळे रविवारचे अद्याप नक्की नाही.

संध्याकाळी भार्गवीने निंगप्पाच्या जुन्या सामानाच्या दुकानातून पंधरा वर्षांपूर्वीचे कार्ड आणले. ते फर्मवेअर मागत नव्हते. चित्र सरळ आले, परंतु कार्डाचा पंखा लिनक्सला आवरेना. तो पूर्ण वेगाने फिरू लागला आणि फळीवरची भांडी वाजू लागली. अशा स्थितीत शकुंतलाबाईंनी वैजयंतीला पुन्हा बोलावले.

"चूक माझ्या पडद्याची होती!" त्या ओरडल्या. "मला क्षमा कर!"

"बाई, कांडप गिरणीत आहात का? आणि आता ओरडताय कशाला माझ्यावर?" वैजयंतीने फोन ठेवला.

शकुंतलाबाईंनी आयुष्यात मागितलेली ही दुसरी क्षमा होती, आणि ती पंख्यात गेली.

शनिवारी सकाळी वैरागहून दगडाबाई आल्या. वर्षाचा मसाला करायला त्या दरसाल येत. मिरच्या, धणे, खोबरे, दगडफूल, सारे त्यांच्या हातून भाजून निघे आणि कांडपावर जाऊन येई. मग शेवटी तो क्षण यायचा.

"दगडाबाई, बाहेर. भार्गवी, तूही."

दार लागले. शकुंतलाबाईंनी वरच्या फळीवरून चपटा डबा काढला. त्यातली चिमूटभर पूड पडल्याखेरीज मसाला त्यांचा होत नसे. ती कशाची, हे सासूबाईंनंतर फक्त त्यांना ठाऊक होते. दाराबाहेर दोघी पायरीवर बसून बोलत होत्या, आणि पंखा आता बंद असल्यामुळे सगळे स्पष्ट ऐकू येत होते.

"म्हंजी कंपनी पुडी देती, पर आत काय हाय ते सांगत न्हाय, व्हय?"

"हो मावशी. ती घातली की कार्ड चालतं, नाही घातली की नाही."

"मग ही तर आक्कांच्या डब्यागत झालं की! चाळीस वरसं खाती मी त्यो मसाला. आत काय पडतंय, मला तरी कुटं ठावं हाय? पर लई झ्याक लागतोय."

आतला चमचा डब्यातच थांबला. मग दार उघडले.

"भार्गवी, ती कंपनी ते गुपित कोणालाच सांगत नाही?"

"कुणालाच नाही, आई."

"घरातल्या सुनांनाही?"

भार्गवीने दगडाबाईंकडे पाहिले. "सुनांना तर मुळीच नाही."

शकुंतलाबाईंनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच त्या कंपनीविषयी आदर उमटला. "मग घराणं चांगलं दिसतंय. घाल."

नवे कार्ड परत बसले. फर्मवेअर पाच मिनिटांत चढले. शकुंतलाबाईंनी कागदावरच्या 'न उघडता येणारी' या शब्दांपुढे 'आणि अनोळखी' असे लिहून नवी तारीख घातली. मग वैजयंतीला बोलावले.

"अगं, किती वजन उतरवलंस?"

"अकरा किलो, बाई!" वैजयंतीचे डोळे भरून आले. नव्या कार्डावर तेही दिसले. रविवार नक्की झाला.

रविवारी अकराला अठ्ठेचाळीस चेहरे पडद्यावर लख्ख उजळले. तिसऱ्या ओळीतली जांभई शकुंतलाबाईंनी नाव घेऊन थांबवली. दोन तास वर्ग अप्रतिम चालला. शेवटी त्यांनी वरच्या फळीवरचा डबा खाली घेतला.

"बाई, किती स्वच्छ दिसतंय हो!" वैजयंती आनंदाने म्हणाली. "डब्यावर चिठ्ठी आहे ना? जरा इकडे वळवा. वाचता येतंय!"

शकुंतलाबाईंनी चिठ्ठीवर तळहात ठेवला.

"भार्गवी, कॅमेरा बंद कर. आणि बाहेर जा," त्या सुनेच्या कानात म्हणाल्या.

"बाई! बाई, चित्र गेलं!" अठ्ठेचाळीस घाबरे आवाज एकदम आले.

"काही झालेलं नाही," डब्याचे झाकण उघडत शकुंतलाबाई शांतपणे म्हणाल्या. "फर्मवेअर चढतंय."