बाटलीतलं पाणी

आमच्या नंदनवन वस्तीत कोणाच्याही घरी मुलीची बिदाई असली, की शामरावकाकाजी आधी मांडवामागे जाऊन डोळ्यांत औषध टाकून येत. मग गालांवर ओघळ घेऊन वऱ्हाडासमोर उभे राहत.

काकाजी म्हणजे आमच्या गल्लीतले नावाजलेले रडणारे. नवरीची आई पदर शोधत असायची तोवर यांचा रुमाल ओला. यांच्याकडे पाहून बायांना गळा काढायला हुरूप येई. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला आणि डोळे पार कोरडे पडले. रेती गेल्यासारखे खुपायचे. म्हणून डॉक्टरांनी थेंब दिले.

"कोरडे डोळे घेऊन लोकायच्या मांडवात जाऊ कसा? लाज वाटते ना गा!"

लाज त्यांना कशाचीही वाटे. दुसऱ्यांदा चहा मागायची, सायकलरिक्षात बसायची, ऑपरेशन झाल्याचीसुद्धा! एकदा तर चष्मा न काढताच काचेवर थेंब टाकला आणि "आता बरं वाटून राहिलं" म्हणाले. तेव्हापासून मांडवामागे चष्मा धरायचं काम माझ्याकडे आलं. थेंब मात्र मला टाकू देत नसत. निम्मं औषध मिशीत जाई.

घरी मुलगी कुंदा टाके. आई नसलेली ती एकुलती एक पोर. "वर पाहा बाबा, हलू नोका," म्हणून दटावी आणि काकाजी खाटेवर निमूट पडून राहत.

मग कुंदाचंच लग्न ठरलं. नवरा कामठीचा. आज काकाजींच्या आसवांनी नाग नदीला पूर येणार, असं गल्ली म्हणत होती. बस दारात लागली, कुंदा बापाच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. काकाजी नुसते उभे. मी हळूच त्यांच्या कोटाच्या खिशातल्या बाटलीकडे बोट दाखवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

बस गेली. मागून कोणीतरी बोललंच, "परायच्या पोरीयसाठी रडे, अन् सोताच्या पोरीसाठी एक टिपूस नाही वं!"

काकाजींनी ते ऐकलं. लाजेनं मान खाली घालून ते बिछायत गुंडाळू लागले. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाटली घेऊन आमच्या अंगणात उभे.

"डोळ्यात थेंब टाकून देतं का गा? लाज वाटते, पण माह्या हातानं जमत नाही."

मी त्यांना बाजेवर निजवलं. राहवेना म्हणून विचारलं, "काकाजी, काल काहून नाही टाकलं? लोकायनं किती नावं ठेवली."

"बाकीच्यायले चालते गा. पण रोज कुंदाच टाके ना. तिले माहीत हाय, थे पाणी बाटलीतलं हाय म्हून. पोरीसमोर खोटं रडाची लाज वाटली."

मी त्यांचा चष्मा काढला, "वर पाहा" म्हटलं. थेंब नेम चुकून गालावर ओघळला. पुसायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे गा. आता पाहाले कुंदा नाही."