दत्तूकाकांचा ओला जिना

"ओलं आहे! खबरदार पाय ठेवाल तर!"

काचीगुड्याच्या आमच्या घरात शिरणाऱ्या माणसाचं स्वागत वरच्या मजल्यावरचे दत्तूकाका असं करायचे. स्वतः खालच्या पायरीवर बसलेले, हातात काचेचा तुकडा, मिशांना लाकडाचा भुसा. पायरी ठणठणीत कोरडी! पोस्टमनसुद्धा पत्रं खालीच टाकून पळायचा. गंमत म्हणजे काका बघायचे आमच्याकडे, पण आवाज लावायचे तो वरच्या खोलीत पोचेल असा.

वरच्या खोलीत सुमनकाकू होत्या. तापात डोळे गेलेले, आणि गुडघ्यांमुळे जिना उतरणं कायमचं बंद. जे कोण वर चढून येईल तेवढंच त्यांचं जग. पावलांवरून त्या माणूस ओळखायच्या. मी दारात पोचायच्या आत म्हणायच्या, "ये गं, आईशी भांडून आलीस वाटतं?" आणि बहुतेक वेळा मी भांडलेलीच असायचे.

ते भाषांवरून राज्य फुटायचे दिवस. मराठी नोकरदारांना औरंगाबादकडे जायचे हुकूम सुटत होते आणि जो भेटेल तो विचारायचा, "तुमचं आलं का?" काकांचं कोठीच्या बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्यांना कोण हलवणार? पण घरातली बिऱ्हाडं उठायला लागली. पहिल्या गेल्या कुलकर्णीवहिनी, काकूंच्या जिवाभावाच्या. निरोप घ्यायला वर निघाल्या, तर काकांनी जिन्यात हात जोडले. "वहिनी, नक्को. घर रिकामं होतंय हे तिला कळलं तर ती अंथरूण धरेल. तशाच जा." बिचाऱ्या डोळे पुसत टांग्यात बसल्या. मला असा संताप आला होता काकांचा!

काही दिवसांनी काकूंनी विचारलंच, "वहिनी का हो येत नाहीत?"

काका गडबडले. "येतात की! तुझा डोळा लागलेला बघतात, दारातूनच परततात. जिन्यावर गालिचा आहे ना, तुला चाहूल लागत नाही."

इतकी वर्षं काकू त्याच गालिच्यावरून आम्हाला ओळखत होत्या, हे त्या शहाण्या माणसाच्या ध्यानातच नाही! काकू म्हणाल्या, "मग काढा तो गालिचा."

झालं! आली का पंचाईत? गालिचा उचकटला. खाली खिळे, डिंकाचे डाग, कुणा जुन्या भाडेकरूनं फासलेला तपकिरी रंग. काका काचेनं पायरी खरवडायचे, पॉलिशपेपर घासायचे, जवसाचं तेल चोळायचे. मग त्यांना युक्ती सुचली. तेल ओलं म्हटलं की कोण का येत नाही, हा प्रश्नच मिटला! आई आणि मी तेवढ्या कडेकडेनं वर जायचो. बाकी सागवान बिचारं किती तेल पिणार? पण काका पाजतच राहिले.

मध्येच सैल फळ्या ठोकायला सलीममियाँ सुतार आला. काम संपवून ऐटीत म्हणाला, "देखो काका, अब जिना आवाज नै करता. एकदम चुप!"

"चुप कायकू बिठाया रे? बोलने दे ना उसे!" काका भडकले आणि पक्कड घेऊन त्याचेच खिळे उपटायला बसले. सलीममियाँ माझ्याकडे बघून कपाळाला हात लावून गेला.

आणि मग आमचा हुकूम आला. घरातलं शेवटचं बिऱ्हाड आमचंच. बाबांनी तो काकांना सांगितला तेव्हा काकांच्या हातातली तेलाची चिंधी गळून पडली. तेवढ्यात वरून काकूंची हाक आली, "भावजी, पुरे झालं यांचं तेल. जिना वाळला असेल तर या की वर!"

काका ओठांवर बोट धरून उभे. बाबा चढले, मधल्या वळणावर सवयीनं थांबले, खाकरले आणि वर गेले. बराच वेळ हसण्याबोलण्याचे आवाज येत होते. "येतो वहिनी, उद्या" म्हणून खाली आले, तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

निघायच्या सकाळी टांगा दारात उभा. काका बाबांच्या पायांकडे बघत पुटपुटले, "वसंतराव, तो जोडा ठेवून जाता का?" बाबांनी काही न विचारता पायातला जोडा काढून दिला आणि ट्रंकेतल्या चपला घातल्या.

माझी परीक्षा होती म्हणून मी जामबागेत मावशीकडे राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राहिलेली पुस्तकं आणायला गेले, तर काका बाबांचा जोडा घालून जिना चढत होते. मधल्या वळणावर थांबले, खाकरले.

"या भावजी!" वरून आवाज आला.

काका दारापर्यंत गेले आणि तिथेच अडकले. पावलं आणली होती, आवाज कुठून आणणार? तसेच मागे फिरले. खाली येऊन जोडा काढून छातीशी धरला, तेव्हा मी दिसले. माझ्यापुढे त्यांनी नुसते हात जोडले. मला रडू फुटलं. मग जोडा भिंतीशी ठेवून ते अनवाणी धपधप वर गेले.

"अहो, ऐकलंत का?" काकू म्हणाल्या. "भावजी येऊन गेले. दारातूनच परतले."

"तुझा डोळा लागलाय असं वाटलं असेल."

"असेल. त्यांना म्हणावं, रोज या, पण जरा सावकाश चढा. हल्ली तुमच्यासारखाच दम लागतो हो त्यांना."