पाठमोऱ्या बाईचं प्रकरण

मी स्वतःला शोधसम्राट म्हणवून घेत नाही. दारावरच्या पाटीवर तसं लिहिलंय, एवढंच. आणि ती पाटी मीच रंगवली असल्यामुळे तिच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. नजर गरुडाची, कान सशाचे, चाल मांजराची. ‘आणि अक्कल?’ असं आमची ही विचारते. पण सगळ्याच गोष्टी प्राण्यांकडून घेता येत नाहीत. पोटासाठी मी गॅस एजन्सीत तक्रारींच्या खिडकीमागे बसतो. ‘सिलिंडर मिळालाच नाही’ हे वाक्य माणूस किती निरागस चेहऱ्याने बोलू शकतो, हे पाहून पाहून माझा मानवजातीवरचा विश्वास उडाला, आणि गुप्तहेराला एवढं भांडवल पुरतं.

रविवारी दुपारी मावशीचा फोन आला. “गुंड्या, असशील तसा ये. तुझे काका बाहेरख्याली निघाले!”

काका म्हणजे मावशीचे यजमान. ज्या माणसाला नाकावरचा चष्मा सापडत नाही, त्याला बाई सापडली? प्रकरण गंभीर होतं. मदतनीस म्हणून मी बायकोला बरोबर घेतलं. ती म्हणते, ती फक्त मी काही फोडू नये म्हणून येते.

मावशीने दार उघडलं तेव्हा तिच्या पायाशी भरलेली बॅग होती.

“मी निघाले बहिणीकडे,” ती म्हणाली. “आणि भंगारवाल्याला बोलावलंय. यांचा सगळा पसारा आज घराबाहेर!”

पसारा म्हणजे काकांचा जीव की प्राण. तबकडीचा फोन, व्हॅक्यूम ट्यूबचा रेडिओ, दोन व्हीसीआर (एक बिघडलेला, दुसरा त्याला सोबत म्हणून), आणि कातडी पेटीतला रोलचा कॅमेरा. मावशीने माळा आवरताना तो कॅमेरा उघडून पाहिला, तर आत वापरून गुंडाळलेला रोल निघाला. तिने तो कोपऱ्यावरच्या स्टुडिओत धुवायला दिला. स्टुडिओवाला इतक्या वर्षांनी रोल पाहून गहिवरला म्हणे. फोटो मात्र पाहून मावशी गहिवरली नाही.

तिने ते माझ्यापुढे आपटले. प्रत्येक फोटोत एक बाई. कठड्याशी, शेगडीशी, कपडे वाळत घालताना, कुंड्यांना पाणी घालताना. सगळीकडे लांब वेणी आणि सगळीकडे पाठमोरी!

“काकांना विचारलंत?” बायको मावशीला म्हणाली, पण मी तिला अडवलं. “संशयिताला कधीही विचारायचं नसतं. तो सावध होतो.”

“मी का विचारू?” मावशीही फणकारली. “ज्याने केलं त्याने सांगावं! मी सकाळपासून अबोला धरलाय.”

“काकांच्या लक्षात आलाय का तो?” बायकोने विचारलं.

“अजून नाही.”

शेजारच्या खोलीत काका पेन्सिल घालून कॅसेटची फीत गुंडाळत होते. निर्ढावलेला गुन्हेगार!

मी भिंग काढलं. “मावशी, या बाईने एकदाही तोंड दाखवलेलं नाही. अर्थ उघड आहे. ती हेर आहे.”

“शेगडीवर काय हेरते ती?” बायको म्हणाली. “दूध उतू जातंय का ते?”

“मग ही एक बाई नाहीच! कपडे प्रत्येक फोटोत वेगळे आहेत. टोळी आहे.”

“लोक कपडे बदलतात हो. तुम्ही सोडून.”

मी विचलित झालो नाही. कठड्याच्या फोटोत फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती, चांगली ताडमाड. काका तर बुटके! म्हणजे फोटो काढणारा तिसराच कोणी. मी हा बॉम्ब टाकला.

“संध्याकाळी सावली लांबच पडते,” बायको म्हणाली. “तुम्ही या प्रकरणावर जास्त उजेड पाडू नका. फिल्म जळायची.”

तेवढ्यात कपाटात मला एक कॅसेट दिसली. वर लिहिलेलं, ‘खाजगी. पुसू नये.’ मी ती टेपरेकॉर्डरवर लावली. घर्रर्र... घर्रर्र... मध्येच एक शिट्टी, पुन्हा घर्रर्र.

“इंजिन!” मी ओरडलो. “जड वाहन, चढणीवर! दोघांनी पळून जायचा बेत केला होता!”

मावशीने कॅसेट बंद केली. “ते तुझ्या काकांचं घोरणं आहे. कबूल करत नव्हते, म्हणून मीच भरून ठेवलं.”

मी नवा सिद्धांत जुळवत असताना बायको फोटो उचलून सरळ शेजारच्या खोलीत गेली. माझ्या कारकिर्दीत एवढा नियमभंग मी पाहिला नव्हता.

“काका, ही बाई कोण हो?”

काकांनी चष्मा वर केला. “कोण म्हणजे? तुझी मावससासू.”

घरात अशी शांतता पसरली की रेडिओसुद्धा बंद असल्यासारखा वाटला. तो बंदच होता.

“मी?” मावशी धावत आत आली. अबोला तिथेच मोडला. “ही मी नव्हे! मी काय मला ओळखत नाही?”

“स्वतःची पाठ कोणी पाहिलीय, मावशी?” बायको म्हणाली. तिने मावशीला कपाटाच्या आरशासमोर पाठ करून उभं केलं आणि हातात छोटा आरसा दिला. मावशी बराच वेळ स्वतःकडे मागून पाहत राहिली. वेणीचा आता अंबाडा झाला होता, पण डावीकडे कललेली मान तीच होती.

“मग समोरून काढायला काय धाड भरली होती?”

“काढायचो की,” काका म्हणाले. “कॅमेरा समोर आला की तू डोळे गच्च मिटायचीस, इंजेक्शन घेतल्यासारखे. आल्बम बघ, एकात उघडे असतील तर शपथ. म्हणून मग तुला न सांगता काढत गेलो. नंतर रोल संपला, आणि मी धुवायचंच विसरलो.”

“विसरलात!”

“तू रोज समोर होतीस ना. घाई नव्हती.”

खाली भंगारवाल्याची हाक आली. मावशी बाल्कनीत गेली आणि “चुकून बोलावलं” असं सांगून परत आली. बॅग तिने पायाने पलंगाखाली ढकलली. मग केसांवरून हात फिरवला, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काढा आता.”

काकांनी कॅमेरा उचलला. किती वेळ भिंगावरची कडी फिरवली, एक पाऊल मागे, अर्धं पुढे. “हनुवटी जरा खाली.” खट्ट!

“उघडे होते?” मावशीने विचारलं.

“टक्क उघडे.”

आता मात्र माझ्या गरुडनजरेला राहवेना. त्या दिवसातला माझा पहिला बिनचूक निष्कर्ष मी जाहीर केला. “पण कॅमेऱ्यात रोलच नाही!”

बायकोने माझ्या पायावर पाय दिला.

“ठाऊक आहे रे मेल्या,” मावशी खिडकीतून न हलता म्हणाली. “मीच नाही का काढला? गप्प बस तू.” आणि काकांकडे सरळ पाहत म्हणाली, “अहो, आणखी एक काढा. यात हसते.”