शर्वरीबाईंनीं भूलखात्याचा महिना निवडिला त्याची हकीकत

श्रीधन्वंतरि समर्थ. प्राणिमात्रांस निजविणारा आणि पुन्हा जागविणारा जो परमेश्वर, त्यासी नमन करून वर्तमान लिहिलें ऐसें जे : शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरीं एके राज्यीं वैद्यशाळा होती आणि तींत शर्वरीबाई घोसाळकर शेवटचे वर्षास होत्या. तों दरबारची आज्ञा जाहली कीं, प्रत्येकानें एक महिना आपले खुषीनें निवडून त्या खात्यांत चाकरी करावी आणि मग पुढील विद्येस अर्ज करावा. तेव्हां सारे सोबती राजधानीचे थोर इस्पितळीं धांवले, कारण तेथील सरदारांची शिफारस मिळाली म्हणजे जागा हातीं आली ऐसा बोलबाला होता. शर्वरीबाईंचें चित्त मात्र भूल देण्याचे विद्येवर जडलें होतें. त्यांचे खोलीतील मैत्रीण यास्मीनबी मुजावर, पहिले वर्षापासून एके ताटीं जेवलेली, ती बोलिली, "राजधानीत भूलखातं पण आहे की गं. मी सर्जरी घेते, तू ते घे, खोली एकच करू. एकटी कुठं जातेस?" बाईंचें मन बहुत ओढलें आणि त्या दुचित्त होऊन भूलखात्याच्या मुख्य रोहिणीबाई देवस्थळी यांजकडे मसलतीस गेल्या. रोहिणीबाई बोलिल्या, "राजधानीत जाऊन लोकांच्या पाठी बघत उभी राहशील. त्यापेक्षा डोंगरापलीकडं किनाऱ्यावर जा. तिथं भूल देणारा एकच माणूस आहे, डॉक्टर लोबो. काम हाताला लागेल, आणि या कामातला एकटेपणा तुला झेपतो का, तेही कळेल. नाही झेपला तर अर्ज करू नकोस." शर्वरीबाईंनीं तोच महिना निवडिला आणि यास्मीनबीस सांगितलें, तों ती "बरं" इतकेंच म्हणाली आणि निरोप द्यावयास थांब्यापर्यंतही आली नाहीं.

मग बाई किनाऱ्यावर दाखल जाहल्या. लोबो मितभाषी, कामापुरतें बोलत आणि काम सरतां घरीं जात. बाईंस राहावयास रिकाम्या इमारतींत एक खोली दिल्ही, शेजारीं कोणी नाहीं, जेवावयास बसावें तर समोर रिकामी खुर्ची, आणि खाऱ्या वाऱ्यानें कपडे वाळतां वाळत नसत. यास्मीनबीस फोन करावा तर पलीकडे दहा जणांचा हंशा ऐकूं येई आणि "कामात आहे गं, मग बोलू" म्हणून ती ठेवून देई. कित्येक दिवस आपला आवाज आपणच ऐकिला नाहीं ऐसें बाईंस वाटे. ऐशांत राजाराम हडकर नामें वृद्ध नट, जे दशावतारांत राजाचें सोंग घेत, ते मंचावरून उतरतां पडोन खुब्याचें हाड मोडलें म्हणून आणिले. शस्त्रक्रियेचे मेजावर ते थरथरूं लागले, तेव्हां लोबोंनीं भय शमविणारें औषध शिरेंत दिल्हें आणि आपण पुढील तयारीस वळले. बाईंनीं उशाशीं उभें राहून त्यांचा हात धरिला. ते बोलिले, "गो बाय, माजी बायल पयल्या रांगेत बसायची. ती गेल्यापासून सोंग चढवतंय, पण भाषण कोणाक सांगतंय ता माका कळणा नाय. ह्या कोणाक बोललंय नाय हां." मग हात घट्ट आवळून म्हणाले, "तू हयसर रवतलस मां?" बाई म्हणाल्या, "राहीन, आजोबा. उठेपर्यंत इथंच आहे." मग भूल चढली, आणि हाड जोडितां जोडितां रक्तदाब एकाएकीं उतरला. लोबो हळूच म्हणाले, "औषध भर, पटकन." बाईंनीं अचूक भरून दिल्हें, रक्तदाब सांवरला, आणि पडद्यापलीकडील शस्त्रवैद्य आपले बोलण्यांत दंग होते, त्यांस खबरही लागली नाहीं. बाई उशापासून हालल्या नाहींत.

दुसरे दिवशीं बाई मोठे हौसेनें वॉर्डांत गेल्या. हडकर शस्त्रवैद्यांस हात जोडून "देव पावलो" म्हणत होते आणि बाईंकडे पाहून पुसते जाहले, "ह्या कोण?" बाई म्हणाल्या, "मी इथं शिकायला आलेय," आणि बाहेर आल्या. लोबो तेथेंच चहा घेत होते, त्यांस त्या म्हणाल्या, "सर, त्यांना मी आठवतही नाही." लोबो म्हणाले, "त्या औषधानं आठवत नाहीच. मलाही वाईट वाटायचं. अजून वाटतं कधीकधी," आणि दुसरा पेला मागवून बाईंचे पुढें सरकविला. सांजवेळीं बाईंनीं यास्मीनबीस फोन करून सारें सांगितलें, म्हाताऱ्याचें गुज मात्र सांगितलें नाहीं. यास्मीनबी म्हणाली, "मग सर्जरीला ये ना. इथं पेशंट नाव घेऊन विचारतात." बाईंनीं फोन ठेविला आणि समुद्राकडे तोंड करून बहुत रडल्या. सकाळीं मात्र पायांनीं आपसूक शस्त्रक्रियेची खोली गांठिली, आणि मेजावर दुसरें कोणी भयभीत माणूस होतें, त्याचे उशाशीं उभ्या राहिल्या.

पुढें राजधानींत निवडीचा दरबार भरला. एका सरदारानें पुसिलें, "पेशंट तुम्हाला विसरणार. चालेल?" बाई म्हणाल्या, "नाही चालत. एकदा खूप रडले. तरी दुसऱ्या दिवशी गेले." दरबारानें भूलविद्येची जागा बाईंस दिल्ही. यास्मीनबी शस्त्रखात्यांत गेली, आणि दोघींचा स्नेह सणावारीं खुशाली पुसण्यापुरता उरला. येणेंप्रमाणें हकीकत जाहली तैसी लिहिली. शर्वरीबाई सुखी जाहल्या ऐसें लेखणीस लिहवत नाहीं. कामास लागल्या.